नॉमिनी भाऊ आहे, मग घर कुणाचं?

"बाबांनी सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून दादाचं नाव लावलंय. म्हणजे घर त्याचंच झालं ना? माझा काहीच हक्क नाही?"

कौटुंबिक मालमत्तेच्या समुपदेशनात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो. या वेळी विचारणाऱ्या ताई चाळिशीच्या होत्या. वडिलांना जाऊन आठ महिने झाले होते. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता आणि सोबत एकच वाक्य लिहिलं होतं, "तुझा तसाही हक्क नाही, नुसती सही कर." (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

त्या म्हणाल्या, "मॅडम, मला घर नकोच होतं. दादाने नुसतं मागितलं असतं तरी दिलं असतं. पण हक्कच नाही म्हणाला, ते लागलं."

भावाशी बोलल्यावर कळलं, तो लबाड नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. वडिलांच्या आजारपणात धावपळ त्यानेच केली होती आणि सोसायटीने सभासदत्वाचं पत्रही त्यालाच दिलं होतं. ते पत्र त्याने माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. त्यात 'तात्पुरता सभासद' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते दोन शब्द त्याने वाचलेच नव्हते.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी 2019 साली स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार नॉमिनीला सभासद करतात ते कायदेशीर वारस दाखल होईपर्यंत. सोसायटीला व्यवहारासाठी कुणीतरी समोर लागतं, म्हणून ही सोय. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं, की नॉमिनेशन हा वारसा ठरवण्याचा वेगळा मार्ग नाही. (विमा पॉलिसी असेल तर मात्र कागद वकिलाला दाखवाच, कारण तिथे 2015 पासून जवळच्या नातलग नॉमिनींसाठी नियम बदलले आहेत.)

मृत्युपत्र नव्हतं आणि घर वडिलांच्या स्वकमाईचं होतं. अशा वेळी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. मुलीचं लग्न झालंय की नाही, याचा काही संबंध नाही. वडिलांची आई हयात असती, तर तिलाही तेवढाच वाटा मिळाला असता.

"म्हणजे तीन वाटे," मी म्हटलं.

"तीन?" भावाने विचारलं. "आम्ही तर दोघंच."

आई तिथेच बसल्या होत्या. आठ महिने दोन्ही लेकरं घरावरून भांडत होती आणि ज्या बाईने त्या घरात संसार केला, तिचा वाटा कुणी मोजलाच नव्हता. आईंनीसुद्धा नाही. "माझं काय, मी मुलाकडेच राहणार," असं त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मसुद्यात आईंच्याही सहीसाठी जागा होती. नोंदणी झाली असती, तर त्यांच्या नावावर काही उरलं नसतं. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि त्या वयात ती कोण चढणार?

म्हणून मी आयांना कळकळीने सांगते, जिवंतपणी हक्क सोडू नका. द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. बक्षीसपत्रच करायचं असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात शब्दांत लिहून घ्या. अट मोडली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल, तर ती होती हे सिद्ध करताना दमछाक होते.

पुढच्या दोन भेटी रडण्यात आणि जुन्या गोष्टी काढण्यात गेल्या. दवाखान्याची बिलं निघाली, बहिणीच्या लग्नाचा खर्च निघाला. मी थांबवलं नाही, ते बोलणं व्हायलाच हवं होतं. शेवटी ताईंनी हक्कसोडपत्र केलं, पण भावाच्या नव्हे, आईंच्या नावे. भावाने आपला वाटा ठेवला. आईंसाठी सोडते म्हटल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "हे मला आधी सुचायला हवं होतं."

निघताना आईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मृत्युपत्राला स्टॅम्प लागतो का हो?"

"नाही लागत. साधा कागद चालतो. तुमची सही आणि ती होताना पाहणारे दोन साक्षीदार हवेत, त्यांनीही तुमच्यासमोर सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि डॉक्टरांचा दाखला जोडा."

"आणि पुढे मन बदललं तर?"

"तर नवीन करा. सगळ्यात शेवटचं असेल तेच धरतात."

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मग दोघांना जरा बाहेर बसवा. मला काही लिहून घ्यायचंय."