सायकलवरून पडून कोपर मोडलं, प्लास्टर निघून दोन आठवडे झाले तरी हात सरळ होत नाही, तळहातही वर वळत नाही. मालिश करावी का? आणि सायकल पुन्हा कधी चालवता येईल?

मालिश करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ऐका. दोन आठवड्यांनी हात अर्धवट वाकलेला राहणं यात घाबरण्यासारखं काही नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर ते कोपर कुणाच्या तरी हातात देणं मात्र घातक आहे. मी ते केलंय, म्हणून सांगतो.

मी साताऱ्याचा, शाळेत शिकवतो. तीन वर्षांपूर्वी जुलैत यवतेश्वरचा घाट उतरताना एका वळणावर मागचं चाक शेवाळावरून सरकलं आणि मी उजव्या तळहातावर आपटलो. पडताना माणूस हात पुढे टाकतोच, आणि तो दणका मनगटातून वर चढून कोपरापाशी हाडाच्या गोल टोकावर बसतो. डॉक्टर त्याला रेडियल हेड म्हणतात. तळहात वर वळत नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून तुमचंही तेच असेल असं वाटतं. माझं हाड जागेवरून हललं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन टळलं. तीन आठवडे कच्चं प्लास्टर आणि गळ्यात झोळी.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात घराजवळच्या मारुतीच्या देवळात गेलो होतो. पुजाऱ्यांनी तीर्थाची पळी पुढे केली, मी हात केला, आणि तळवा वर वळेचना. अंगठा वर, करंगळी खाली, असा पंजा उभाच राहिला. तीर्थ तळव्यावरून घरंगळून मनगटापर्यंत गेलं. पुजाऱ्यांनी दुसऱ्यांदा पळी भरली, तीही वाया गेली. डाव्या हाताने घेववेना. घाटात पडलो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तिथे आलं.

मग आत्या म्हणाली, तेल लावून रगडल्याशिवाय कोपर सुटायचं नाही. हाडाचं काम करणारे एक जण घरी येऊन दोन दिवस गरम तेलाने चोळत आणि जोर लावून हात ताणत होते. तिसऱ्या दिवशी कोपर टम्म सुजलं, हात लावला तर चटका बसावा इतकं तापलं, आणि आधी जेवढं हलत होतं तेवढंही हलेना. डॉक्टर रागावलेच. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: कोपराच्या पुढच्या बाजूचा स्नायू सांध्याला अगदी चिकटून असतो. दुखऱ्या कोपरावर जबरदस्ती केली की तो आतून फाटतो, रक्त साकळतं, आणि कधी कधी त्या स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. ते झालं तर हात कायमचा अडकू शकतो. माझा एक्स-रे चांगला आला, पण व्यायामाचे दोन आठवडे बुडाले. आत्याच्या मायेत काही खोट नव्हती हो, पण कंबर चोळायची तसं कोपर चोळता येत नाही.

आता हात का आखडतो ते बघा. कोपरात तीन हाडं एकाच पिशवीसारख्या आवरणात येऊन मिळतात. हात बांधून ठेवला की ते आवरण जाड आणि ताठ होतं. म्हणजे हाड जुळत असतं तेव्हाच सांधा आखडत असतो. हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश धरा. धडधाकट कोपर जवळजवळ पूर्ण सरळ होतं आणि साधारण 140 अंशांपर्यंत वाकतं, पण रोजची बहुतेक कामं 30 ते 130 अंशांत भागतात. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या दिवशी कोनमापकाने मोजलं तर हात सरळ करताना 45 अंशांवर अडायचा आणि 100 च्या पुढे वाकत नव्हता. घास तोंडाशी नेताना मानच खाली आणावी लागे.

त्यांनी सांगितलेलं असं. आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. मग पाठीवर झोपून दंडाखाली टॉवेलची घडी घ्यायची आणि हात स्वतःच्या वजनाने सरळ होऊ द्यायचा, कुणी दाबायचं नाही. मग कोपर काटकोनात कमरेला टेकवून मुठीत हातोडीच्या दांड्याचं शेवटचं टोक धरायचं आणि सावकाश तळवा वर, तळवा खाली. हातोडीचं वजनच मनगट वळवतं. शेवटी बर्फ. हे दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. अर्ध्या तासात शमणारं दुखणं चालतं. रात्री झोप मोडली किंवा सूज वाढली तर जास्त झालं समजायचं. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, कारण हाड किती जुळलंय हे त्यांनाच दिसतं. आणि खांदा व बोटं रोज हलवा, झोळीत खांदाही धरतो.

माझं माप वर्गातला फळा होता. सुरुवातीला फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात पोचत नव्हता, मुलंच लिहायची. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती मी लिहिली.

सायकलचं विचारलंय तुम्ही. चौथ्या महिन्यात मी पहिल्यांदा संगम माहुलीपर्यंत गेलो, सपाट रस्ता म्हणून. घाट मात्र त्यानंतरही दोन महिने टाळला. चढताना पाय काम करतात, उतरताना सगळं वजन हातांवर येतं आणि ब्रेक दाबून धरावा लागतो. पूर्ण जोराने ब्रेक दाबता येत नाही तोवर उतारावर जाऊ नका.

करंगळीला मुंग्या येत असतील, किंवा हात वळवताना आत काही अडकून ‘कट्’ होत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

माझा हात आजही आठ-दहा अंश सरळ व्हायचा राहतो. कुणाला दिसत नाही, मलाच माहीत आहे. तीर्थ मात्र सांडत नाही. एक वही करा आणि आज हात कुठपर्यंत जातो ते तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या रविवारी पुन्हा मोजा.