कारवारच्या गाळ्यांना बारमाही भाडेकरू कोठून मिळतील?

आपला प्रश्न असा आहे की, कारवारजवळ सदाशिवगडच्या बाजूला महामार्गालगत आपली व चुलत्यांची मिळून बावीस गुंठे समाईक जागा आहे. तीवर खाली चोवीस दुकानगाळे आणि वर लॉज बांधला, तर पर्यटकांच्या जोरावर भाडे येईल आणि रोज पहाटे गोव्याला कामासाठी जाणाऱ्या गावातील मुलांना घराजवळ रोजगार मिळेल, असा आपला हिशेब आहे. हेतू मला मनापासून पटला. हिशेब मात्र बदलावा लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे मशीन शॉप चालवले आणि त्यांतील नऊ वर्षे कारवारात बोटींची इंजिने, पंप आणि बर्फ कारखान्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करण्याची एक शेडही चालवली. त्या अनुभवावरून लिहीत आहे.

कारवारची मूळ अडचण अशी आहे की, तेथील दोन ठळक उत्पन्ने एकाच वेळी आटतात. पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत चालतो. पुढे पाऊस लागतो, तो वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्याच सुमारास, १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, यांत्रिक बोटींची मासेमारी शासनाच्या आदेशाने बंद असते. जो दुकानदार केवळ या दोन गिऱ्हाइकांवर अवलंबून आहे, तो नोकराला आठ महिने पगार देतो आणि उरलेले चार महिने ‘गावाकडे जाऊन ये’ म्हणतो. तुमच्या गावातील मुलगा गोव्याच्या औद्योगिक वसाहतीत जातो तो गोव्याच्या ओढीने जात नाही. तेथे जुलैचाही पगार मिळतो म्हणून जातो. चोवीस शटरांमध्ये आणखी चोवीस हंगामी दुकाने आली, तर त्या मुलाच्या दृष्टीने काहीच बदलणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा की, कारवारात भर पावसाळ्यातही पैसे कोण खर्च करतो. कारवार हे उत्तर कन्नड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. न्यायालय आणि जिल्ह्याची कार्यालये बारा महिने चालतात. २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, माजाळीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २००५ मध्ये कार्यान्वित झालेला ‘आयएनएस कदंब’ हा नौदलाचा तळ आहे, त्याला जोडून जहाजदुरुस्तीचे यार्ड आहे आणि त्या तळाच्या वस्तीत राहणारी कुटुंबे आहेत. या तळासाठी अरगे आणि शेजारच्या गावांतील लोकांनी आपली घरे व जमिनी दिल्या, तेव्हा त्यातून निर्माण होणाऱ्या कामाचा वाटा गावाला मिळावा, ही अपेक्षा मला न्याय्यच वाटते. कैग्याला प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या चालू आहेत. बंदर आहे, महामार्गावरची मालवाहतूक आहे. या सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: एसी, फ्रिज आणि मोटर-रिवाइंडिंगची दुरुस्ती, वेल्डिंग व फॅब्रिकेशन, ट्रकची बॉडी आणि टायरचे काम, रक्ततपासणीची लॅब, छपाई, शिवणकाम, डबे पुरवणारे स्वयंपाकघर, कपडे धुण्याचा कारखाना. यांतले एकही काम पर्यटकावर अवलंबून नाही. येथे एक सावधगिरी सांगतो. कैग्यात ७०० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या मंजूर आहेत, त्या कामासाठी येणाऱ्या ठेकेदारांच्या भरवशावर कायमची इमारत बांधू नये. बांधकाम संपले की ठेकेदार जातो आणि त्याच्या मजुरांसाठी काढलेल्या खोल्या रिकाम्या राहतात.

बंदीच्या ६१ दिवसांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आमच्या शेडचे सर्वांत मोठे काम त्याच दिवसांत होत असे. बोटी किनाऱ्याला लागतात तेव्हाच इंजिने उघडता येतात. शाफ्ट, पंखे आणि गिअरबॉक्स तेव्हाच बाहेर निघतात. जाळीही तेव्हाच विणली व दुरुस्त केली जातात. ज्या महिन्यांत बाकीचा बाजार मंदावलेला असे, त्या महिन्यांत आमच्याकडे सहा मुले रात्री दहापर्यंत काम करीत. १ ऑगस्टला बोट समुद्रात गेलीच पाहिजे, हे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या नाखव्याला, ठाऊक असते आणि मेकॅनिकलाही. हंगामाच्या उलट्या वेळी भरात येणारी अशी कामे शोधून त्यांना जागा देणे, हाच मला बारमाही रोजगाराचा खरा मार्ग वाटतो.

आता ती शेड का बंद झाली, ते सांगतो. जागा एका खासगी मालकाची होती आणि करार अकरा महिन्यांचा. लेथ आणि ड्रिलिंग मशीन पायाच्या बोल्टांवर बसवलेले होते. ते उचलून दुसरीकडे नेणे म्हणजे पुन्हा काँक्रीट, पुन्हा लेव्हलिंग, पुन्हा वीजजोडणी. प्रत्येक ऑक्टोबरात भाडे वाढत गेले आणि नवव्या वर्षी हॉटेलसाठी जागा हवी म्हणून दोन महिन्यांत रिकामी करण्यास सांगण्यात आले. मी यंत्रे परत बेळगावला आणली. त्या सहा मुलांपैकी चार आज गोव्यात नोकरी करतात. त्यांच्या हातांतले कौशल्य कारवारात तयार झाले होते आणि ते कारवारात राहू शकले असते, याची खंत मला अजून आहे.

बेळगावकरांना हे दुःख नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आमच्या शहरात सायकलचे दुकान काढले, पुढे येथेच लोखंडी नांगर बनवले. शहराच्या नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा त्यांना ती सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनी माळरान आणि कर्ज दिले आणि १९१० मध्ये कारखाना आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. पुढे जे उभे राहिले ते बेळगावात उभे राहू शकले असते. आज आमच्याकडे त्यांच्या नावाचा रस्ता आहे. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्या व वर्कशॉप कितीतरी नंतर वाढले, कारण तेथे कारागिराला यंत्र कायमचे रोवता येईल अशी जागा मिळाली.

म्हणून इमारतीच्या नकाशापेक्षा भाडेकराराकडे आधी लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो. तो खर्च व ती बांधिलकी टाळण्यासाठी आपल्याकडे अकरा महिन्यांची प्रथा पडली आहे. मिठाईच्या दुकानाला ती चालते, वर्कशॉपला चालत नाही, कारण अकरा महिन्यांच्या कागदावर यंत्रासाठी कर्ज द्यायला बँकेचा अधिकारी राजी होत नाही. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाख रुपयांपर्यंतच्या खर्चावर प्रवर्ग व ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. त्यात जमिनीची किंमत धरता येत नाही, परंतु भाड्याच्या शेडचा तीन वर्षांपर्यंतचा खर्च धरता येतो. काजू, कोकम किंवा मसाल्याचे काम करणाऱ्याला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये मिळतात. आपल्या गावातील मुलाला या योजना सांगून उपयोग नाही, जर त्याच्या हातात पाच-सात वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा नसेल. वार्षिक वाढ करारातच लिहून टाकावी. पहिल्या दोन पावसाळ्यांत भाडे अर्धे घ्यावे आणि राहिलेले अर्धे नंतरच्या महिन्यांत समान हप्त्यांनी भरून घ्यावे. मालकाचे त्यात नुकसान होत नाही आणि भाडेकरू पहिल्या जूनमध्ये पळून जात नाही.

बावीस गुंठे म्हणजे जवळजवळ चोवीस हजार चौरस फूट. माझ्या मते महामार्गाच्या तोंडाशी सहा-सात दुकाने पुरेशी आहेत. मागे सहाशे ते हजार चौरस फुटांच्या आठ शेड काढाव्यात, उंची किमान चौदा फूट ठेवावी आणि मध्ये टेम्पो वळेल इतकी मोकळी जागा सोडावी. जोत्याची पातळी रस्त्यापेक्षा वर असावी, पाण्याचा निचरा बांधकामाच्या आधी करावा. खाऱ्या हवेत साध्या पत्र्याला थोड्याच वर्षांत गंज चढतो, तेव्हा छपरावर काटकसर करू नये. हेस्कॉम या वीज कंपनीकडे थ्री-फेजचा भार आरंभीच मंजूर करून घ्यावा, कारण नंतर प्रत्येक भाडेकरू स्वतंत्रपणे खेटे घालत बसतो. लॉजचा विचार पाच वर्षांनी करावा.

या सर्वांआधी दोन कागद तपासावेत. जागा समाईक असल्याने सर्व चुलत्यांच्या सह्यांचे वाटणीपत्र किंवा एकाला अधिकार देणारा नोंदणीकृत दस्तऐवज हवा, आणि उतारा शेतीचा असेल तर बिनशेती करून घ्यावा. दुसरे म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेनुसार हे क्षेत्र समुद्राच्या भरती-रेषेपासून ५०० मीटरपर्यंत धरतात, तर भरतीचे पाणी जाणाऱ्या नदी-खाडीच्या काठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतील कमी असेल तेवढे. सदाशिवगडला समुद्र आणि काळी नदी दोन्ही जवळ असल्यामुळे आपला सर्व्हे नंबर मंजूर किनारी नकाशावर अधिकृत संस्थेकडून बसवून घ्यावा. आर्किटेक्टला पहिला हप्ता त्यानंतरच द्यावा.

आपल्याला घाई नसेल तर येत्या जुलैत आठ दिवस काढून नौदलाच्या वस्तीपासून माजाळीपर्यंतच्या रस्त्यावर फिरा, कोणकोणती दुकाने भर पावसात उघडी आहेत ते वहीत टिपून घ्या आणि त्या मालकांपैकी किमान दहाजणांना विचारा की त्यांना आणखी जागा हवी आहे का, किती हवी आहे आणि त्यासाठी ते किती वर्षांचा करार करतील. ती यादी तयार झाली की येथे अवश्य कळवा. शेडच्या मापांचा आणि वीजभाराचा हिशेब मी आपल्याबरोबर बसून करून देईन.