पीसीआरची पट्टी दिसली, पण जनुक बसलंय कुठे?

तुझा प्रश्न असा: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एका रुग्णालयातून मेरोपेनेमला (शेवटच्या फळीतलं एक अँटिबायोटिक) दाद न देणारे ४० आयसोलेट (रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळे काढलेले जंतू) जमवलेत, बहुतेक क्लेबसिएला हा जिवाणू. पीसीआरने (ठरावीक जनुकाच्या प्रती वाढवून ते जेलवर पट्टीसारखं दाखवणारी चाचणी) एनडीएम (अशी औषधं तोडणारं एन्झाइम बनवणारं जनुक) लावून पाहिलं की 'जेनेटिक कॅरॅक्टरायझेशन' (जंतूची जनुकीय ओळख) झालं का? (विद्यार्थिनी आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करतोय.)

नाही झालं. आपल्याकडचे असे ४० जंतू घेतलेस की एनडीएम निघणारच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या मंडळींनी २०१० साली असे २४ जंतू तपासल्याचं छापलं, त्यांतल्या २२ मध्ये ते होतं. तेव्हा ती बातमी होती. आज परीक्षक पान उलटून पुढे जातील.

बघायचं आहे ते जनुक कशावर बसलंय आणि कुणाकडून कुणाकडे गेलं ते. एनडीएमचा पहिला रुग्णच घे. भारतीय वंशाचा, दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेला माणूस. २००८ मध्ये त्याच्या लघवीतल्या क्लेबसिएलात हे जनुक सापडलं. मग त्याच्याच शौचातल्या ई. कोलाय या वेगळ्याच जंतूमध्येही तेच. क्लेबसिएलात ते १८० किलोबेसच्या (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं) प्लाझ्मिडवर (जंतूकडून जंतूकडे जाऊ शकणारं डीएनएचं वेगळं कडं) होतं, ई. कोलायमध्ये १४० च्या. नुसती पीसीआर केली असती तर दोन्हींची पट्टी सारखीच आली असती आणि एवढा मोठा प्रवास कुणाच्या लक्षातही आला नसता.

त्यामुळे प्रायमर (पीसीआरला जनुक शोधून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायच्या आधी वही उघड. ४० आयसोलेट म्हणजे रुग्ण किती? एकाच माणसाचं रक्त, लघवी आणि ट्रॅकियल सिक्रेशन (श्वासनलिकेतला स्राव) तीनदा मोजलंस तर टक्केवारी उगाच फुगेल. प्रत्येकापुढे तारीख, वॉर्ड, खाट आणि नमुना लिही. नावाऐवजी कोड.

जनुकं एकट्या एनडीएमवर थांबवू नकोस. मल्टिप्लेक्समध्ये (एकाच पीसीआरमध्ये अनेक जनुकं) केपीसी, व्हीआयएम, आयएमपी आणि ओएक्सए-४८ ही त्याच कामाची जनुकंही घे. ओएक्सए-४८ चे प्रायमर बहुधा ओएक्सए-१८१ आणि ओएक्सए-२३२ या त्याच्या भावंडांनाही उचलतात, म्हणून 'ओएक्सए-४८ सारखं' एवढंच लिही. नेमकं कोणतं ते सिक्वेन्सिंगशिवाय (डीएनएची अक्षरं वाचल्याशिवाय) कळत नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टर (दुसरा एक रुग्णालयी जंतू) असतील तर ओएक्सए-५१ बघून हुरळू नकोस, ते त्याचं जन्मजात आहे. तिथे ओएक्सए-२३ शोध.

हे नुसतं थिसिस भरण्यासाठी नाही. अ‍ॅव्हिबॅक्टम (जंतूचं एन्झाइम रोखणारं औषध) केपीसी आणि ओएक्सए-४८ ला अडवतं, एनडीएमला नाही, कारण त्याचं काम झिंकवर चालतं. अ‍ॅझट्रिओनाम हे अँटिबायोटिक एनडीएमला तोडता येत नाही, पण शेजारी बसलेलं ईएसबीएल (अँटिबायोटिक तोडणारं दुसरं एन्झाइम) ते तोडतं, आणि ईएसबीएलला अ‍ॅव्हिबॅक्टम अडवतं. म्हणून आयसीयूत सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टमबरोबर अ‍ॅझट्रिओनाम जोडतात. कोणतं जनुक आहे यावर औषध बदलतं ते असं.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात एकदा जेलवर सगळ्या लेनमध्ये (प्रत्येक नमुन्याची वेगळी रांग) ६२१ बेस पेअरची एनडीएमची सुरेख पट्टी आली. फोटो काढून सरांना दाखवला. त्यांनी शेवटच्या लेनवर बोट ठेवलं: तिथे डीएनए घातलेलाच नव्हता, नुसतं पाणी, आणि पट्टी तिथेही. पाण्याची बाटलीच दूषित झाली होती. आठवडा गेला. पाणी आधीच छोट्या ट्यूबांत वाटून ठेव आणि निगेटिव्ह कंट्रोलशिवाय (डीएनए न घातलेली लेन) जेल चालवू नकोस. दुसरं, साध्या न्यूट्रियंट अगारवर (औषध नसलेल्या माध्यमावर) पुन्हा पुन्हा सबकल्चर केलंस (नव्या प्लेटवर वाढवलंस) तर जंतू प्लाझ्मिड टाकून देऊ शकतो. मग अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती अचानक झोन (जंतू न वाढलेली मोकळी जागा) दिसायला लागतो आणि आपण चक्रावतो. पहिल्याच दिवशी ग्लिसरॉल स्टॉक करून उणे ८० ला टाक.

जंतूंची सोयरीक बघायला क्लेबसिएलासाठी सात जनुकांचं एमएलएसटी (त्या जनुकांच्या फरकांवरून जंतूला एसटी म्हणजे सिक्वेन्स टाइपचा क्रमांक देणारी पद्धत) आहे. आपल्याकडे एसटी २३१, एसटी १४७ वगैरे भेटतील. पण दोघांचा एसटी एक आला म्हणजे एकाने दुसऱ्याला दिला, असं लिहू नकोस. २०११ मध्ये अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये केपीसीवाला क्लेबसिएला १८ रुग्णांत पसरला, ११ जण दगावले. पहिली रुग्ण घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा सापडला, त्यामुळे हा वेगळाच जंतू असावा असं वाटलं होतं. ते सगळे एसटी २५८; नेहमीच्या टायपिंगला फरक दिसेना. संपूर्ण जीनोम वाचल्यावर एकेका अक्षराच्या बदलांवरून कळलं की तो पहिल्या रुग्णापासूनच निघालाय, तोही तीन वेगवेगळ्या वेळी. साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तोच मिळाला.

चाळीसच्या चाळीस जीनोम तुला परवडणार नाहीत, लागणारही नाहीत. एकाच वॉर्डातले, जवळच्या तारखांचे पाच-सहा निवड. प्लाझ्मिड जुळवायचं असेल तर त्यांतले दोन लाँग-रीडला (डीएनएचे लांब तुकडे एका दमात वाचणारं सिक्वेन्सिंग) दे, कारण शॉर्ट-रीडमध्ये प्लाझ्मिडचे तुकडे होतात. वॉर्ड आणि तारखांचा तक्ता तयार झाला की इथे टाक, कोणते पाठवायचे ते मिळून ठरवू.