कोंबडीच्या तळव्याला काळी खपली आणि सूज आहे, घरीच ब्लेडने कापून गाठ काढू का?

तुम्ही लिहिलंय की कोंबडी लंगडतेय, तळव्याच्या मधोमध काळी खपली आहे, आजूबाजूला सूज आहे पण खाणंपिणं नीट चालू आहे, आणि व्हिडिओत लोक ब्लेडने चीर देऊन आतली गाठ उपसून काढतात ते घरी करावं का. माझं सरळ मत, ब्लेड ठेवून द्या. अशा सुरुवातीच्या स्टेजला बऱ्याचदा भिजवणं, पट्टी आणि कोरडी जमीन एवढ्यावर भागतं, फक्त वेळ लागतो आणि रोज हात घालायची तयारी लागते. मी घरी कोंबड्या पाळतो, डॉक्टर नाही, तेव्हा त्या हिशोबाने वाचा.

वर्णनावरून हा बंबलफूट, म्हणजे तळव्यातलं इन्फेक्शन वाटतोय. तळव्याला कुठेतरी बारीक जखम होते, काटा, तार, खडा, उंचावरून धपकन उडी, काहीही, आणि त्यातून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जो एरवीही कातडीवर असतोच. आता मेन गोष्ट अशी की पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो आतल्या आत घट्ट होऊन पनीरच्या खड्यासारखा होतो. म्हणून दाबून काही बाहेर येत नाही, उलट दाबलं की इन्फेक्शन अजून आत ढकललं जातं. आणि म्हणूनच ते व्हिडिओवाले कापतात. पण तळव्यात कातडीच्या अगदी खाली बोटं हलवणारे टेंडन (दोरीसारखे स्नायूबंध) आणि रक्तवाहिन्या असतात, भूल दिलेली नसते, आणि नंतर त्याच उघड्या भोकावर उभी राहून ती विष्ठेत फिरणार असते. व्हिडिओत गाठ निघतानाचं दिसतं, पंधरा दिवसांनी तो पाय कसा होता ते कोणी दाखवत नाही. आणखी एक, कोंबडी उताणी धरली की गप्प पडून राहते म्हणून लोकांना वाटतं तिला काही दुखत नाहीये. तसं नसतं हो, ती भीतीने थिजलेली असते.

आधी खात्री करा की हेच आहे. खपली नाही आणि सूज सांध्यात आहे तर ते वेगळं काही असू शकतं, नडगीवरचे खवले उचललेले खरबरीत दिसत असतील तर माइट्स म्हणजे बारीक किडे, आणि एक पाय पुढे एक मागे टाकून बसत असेल तर ती भानगड तळव्याची नाहीच.

आता घरी काय करायचं. ग्लोव्हज घाला, कारण हा जंतू माणसालाही लागू शकतो, आणि भांडी घासायच्या सिंकमध्ये हे करू नका, वेगळं टब ठेवा. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळा पण छाती आवळू नका, त्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं नाही तर श्वासच घेता येत नाही. डोळ्यांवर टॉवेलचं टोक आलं की बऱ्याच जणी शांत होतात. आधी साबणाने पाय स्वच्छ धुवा, मग कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नाही) विरघळवून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आपल्या मनगटाला गरम लागता कामा नये. आणि ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात.

भिजल्यावर खपली मऊ पडते. कडा स्वतःहून सुटत असतील तर चिमट्याने हळूच उचलून बघा, सहज निघाली तर निघाली, आणि तिच्याबरोबर आतला तो घट्ट खडा पण आला तर नशीबच समजा. अडली की थांबा. रक्त आलं की थांबा, स्वच्छ गॉज काही मिनिटं दाबून धरा आणि उद्या परत भिजवा. इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, आज निघालंच पाहिजे असं डोक्यात बसतं, पण आज नाही निघालं म्हणून काही बिघडत नाही, रोज भिजवत राहिलं की खपली दरवेळी थोडी सैल होत जाते.

नंतर सलाईनने किंवा पाणी घालून पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुवा, पूर्ण कोरडं करा. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज ओतू नका, फेस बघून काम होतंय असं वाटतं पण नवीन येणारी चांगली कातडीही त्याने जळते. वरून साधं अँटिबायोटिक मलम चालेल, पण ट्यूबवर बघा, त्यात दुखणं कमी करणारं बेन्झोकेन वगैरे काही मिसळलेलं नको, पक्ष्यांना ते जड जाऊ शकतं.

पट्टी हा अर्धा इलाज आहे, लोक तिथेच घाई करतात. जखमेवर न चिकटणारं गॉज, त्यावर जाडसर घडी म्हणजे चालताना भार थेट जखमेवर येणार नाही, आणि वरून ती स्वतःलाच चिकटणारी बँडेज बोटांच्या मधून फिरवून नडगीवर एकदोन वेढे. आवळू नका. तासाभराने परत बघा, बोटं सुजली किंवा गार लागली तर सोडून सैल बांधा. सुरुवातीला रोज बदला, जखम कोरडी दिसायला लागली की एक दिवसाआड, पण ओली किंवा घाण झाली तर लगेच, ओली पट्टी पट्टी नसल्यापेक्षा वाईट. ती चोचीने सोडायचा प्रयत्न करणारच, आणि बाकीच्या पण टोचत बसतात, म्हणून काही दिवस तिला वेगळं ठेवा, खाली मऊ कोरडं अंथरूण, दाणापाणी जवळ, वर चढायला काही नको. पूर्ण बरं व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात, सूज मात्र त्याआधी हळूहळू उतरताना दिसायला हवी.

आपल्या घरातल्या गोळ्या तुकडे करून देऊ नका, ना पेनकिलर ना अँटिबायोटिक. डोस चुकतो, आणि अँटिबायोटिकचा अंश अंड्यात उतरतो, डॉक्टरांनी दिलं तरी अंडी किती दिवस खायची नाहीत ते त्यांनाच विचारून घ्या.

डॉक्टरकडे कधी जायचं? सूज तळव्यातून वर नडगीकडे किंवा बोटांत सरकली, पाय गरम लागतोय, ती पाय टेकवतच नाही, खाणं सोडलं, सुस्त बसून राहते, किंवा आठवडाभर नीट करूनही सूज जशीच्या तशी, यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोग बंद. इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं की मग फार अवघड होऊन बसतं. गाठ कापून काढायची वेळ आलीच तर तीही तिथेच, भूल देऊन.

आणि हे सगळं करून परत त्याच खुराड्यात सोडणार असाल तर परत होणार, लिहून ठेवा. बसायची दांडी किती उंच आहे बघा, भारी कोंबडीला गुडघ्याएवढीही पुष्कळ झाली, आणि तिच्या कडा धारदार नकोत, तासून गोल करा, लाकडाची कुसळं तर नाहीत ना हात फिरवून बघा. खाली जाळी किंवा टोकदार खडी असेल तर त्यावर जाड भुसा टाका. भुसा ओला राहिला की तळव्याची कातडी मऊ पडून फाटते, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा आधी बघा, ओल बहुतेक तिथूनच सुरू होते. कोंबडी लठ्ठ असेल तर मका आणि वरचं खाणं कमी, नीट लेयर फीड (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) द्या, व्हिटॅमिन ए कमी पडलं तरी कातडी कमजोर होते म्हणून हिरवा पालाही द्या.

दुसरा पाय बघितलात का? एक दुखतो म्हणून सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि मग तिथेही सुरू होतं. बाकीच्यांचे तळवे पण बघून घ्या, अंधार पडल्यावर दांडीवर बसलेल्या असताना टॉर्च घेऊन गेलात तर एकेक आरामात उचलता येते, दिवसा मागे पळत बसू नका.