पवित्र म्हणजे सोवळे का?

प्रश्न आला आहे तो असा: ‘पवित्र’, ‘पावन’ आणि ‘सोवळे’ यांचा अर्थ विचारला की लोक एकाला दुसरा प्रतिशब्द सांगतात. मग एकाच्या जागी दुसरा वापरला तर बिघडले कुठे?

बरेच बिघडते. ‘पवित्र’ आज विशेषण असले तरी घडणीने ते साधनाचे नाव आहे. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे, त्याला ‘इत्र’ हा प्रत्यय. खणायचे ते खनित्र, होडी वल्हवायचे ते अरित्र, तसे ज्याने शुद्ध करायचे ते पवित्र. ऋग्वेदात तर हा शब्द चक्क गाळणीसाठी येतो. मेंढीच्या लोकरीची गाळणी, तिच्यातून सोमरस गाळायचा. नवव्या मंडलातली ११४ सूक्ते याच ‘पवमान’ सोमाची, म्हणजे गाळून निवळत वाहणाऱ्या रसाची. धर्मकार्यात अनामिकेत घालतात त्या दर्भाच्या अंगठीलाही ‘पवित्रक’ म्हणतात. पावन, पावक, पवन ही सगळी याच धातूची भावंडे, आणि सगळी काही ना काही करणारी. म्हणून ‘पतितपावन’ हा शब्द होतो. ‘पतितसोवळा’ असा शब्द कुणाच्या ओठावर येणारच नाही.

सोवळ्याची चाल उलटी आहे. सोवळे नेसतात, पाळतात, आणि ते मोडते. कशाने मोडते? स्पर्शाने. पावन असेल ते स्वतःच्या स्पर्शाने दुसऱ्याला शुद्ध करते, सोवळ्याला मात्र दुसऱ्याचा स्पर्श बाटवतो. गाळणीत गढूळच ओतायचे असते. सोवळ्यावर शिंतोडा उडालेला चालत नाही.

सोवळे म्हणजे मंगल असेही नाही. केशवपन केलेल्या विधवेला मराठीत ‘सोवळी’ म्हणत. तिच्या हातचा स्वयंपाक देवाच्या नैवेद्याला चाले, पण शुभकार्यात तिने समोर यायचे नाही. हा शब्द जुन्या मजकुरात भेटला की मला पुढे वाचवत नाही. एका बाईला देवाजवळ ठेवायचे आणि माणसांतून उठवायचे, ही दोन्ही कामे त्याने एकदम केली.

‘राखून ठेवलेले’ या अर्थाची धार इतर भाषांतही आहे. लॅटिन ‘साकेर’ म्हणजे देवाला वाहिलेले, आणि शापितही. अरबीत निषिद्ध ते हराम, आणि मक्केची पवित्र मशीद ती ‘मस्जिद अल-हराम’, धातू एकच.

चौदाव्या शतकात सोयराबाईंनी अभंगात विचारले, ‘सोवळा तो झाला कवण धर्म’. देहाचा विटाळ देहातच जन्मला, तर सोवळा कोण, असा त्यांचा सवाल. त्याच अभंगात आत्म्याला त्या ‘निर्मळ’, ‘शुद्ध’ म्हणतात. म्हणजे शुद्धीचे शब्द त्यांनी टाकले नाहीत, जाब विचारला तो फक्त ‘सोवळा’ या शब्दाला. शब्दांची इतकी नेमकी पारख मला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

अलीकडे मात्र ‘पावित्र्य राखा’, ‘पावित्र्याचा भंग झाला’ असेच जास्त लिहिले जाते. म्हणजे शब्द पवित्र, चाल सोवळ्याची. ही रचना रुळली आहे, तिला चूक म्हणणार नाही. पण नदीबद्दल, संतांबद्दल किंवा एखाद्या कामाबद्दल लिहिताना ‘पावन’ किंवा ‘पवित्र करणारे’ म्हणायला जागा असेल तर तेच लिहावे. जिथे अर्थ ‘शिवू नये असे’ एवढाच आहे, तिथे सरळ ‘सोवळे’ लिहावे, ‘पवित्र’ लिहून त्यावर पांघरूण घालू नये.

जाता जाता: भाववाचक नाम ‘पावित्र्य’ किंवा ‘पवित्रता’. ‘पावित्र्यता’ नको, त्यात एकाच कामाचे दोन प्रत्यय लागतात.