बिझनेस आणि फायनान्समधल्या मोठ्या लोकांकडून करिअरसाठी नक्की काय शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की वय २७, एमबीए झालंय, खराडीला एका परदेशी कंपनीच्या फायनान्स सेंटरमधे अकाउंट्स पेएबल, म्हणजे पुरवठादारांची बिलं पास करायचं काम, बघता, मोठमोठ्या इन्व्हेस्टर आणि उद्योजकांच्या मुलाखती ऐकता पण त्यातलं स्वतःच्या नोकरीला काय लावायचं तेच कळत नाही. मी पुण्यातच क्रेडिटमधे आहे, म्हणजे छोट्या कारखान्यांना कर्ज द्यायचं की नाही ते बघायचं काम, आणि हा प्रश्न आमच्या टीममधली नवीन मुलंमुलीसुद्धा सारखी विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत सरळ आहे. ही माणसं साठीत काय बोलतात ते थोडं बाजूला ठेवा, आणि पंचविशी-तिशीत ती कुठे बसायची, कोणाच्या हाताखाली होती आणि तेव्हा घर कोण चालवत होतं ते शोधा. यश मिळाल्यावर कोणीही मागचं सगळं छान जुळवून सांगतो, पण सुरुवातीच्या नोकऱ्या आहेत तशाच राहतात, त्या बदलता येत नाहीत.

वॉरन बफेचंच घ्या. १९५१ ला कोलंबिया विद्यापीठातून शिकून बाहेर पडल्यावर त्यांना तिथले त्यांचे प्राध्यापक आणि इन्व्हेस्टर बेंजामिन ग्रॅहम यांच्याकडेच काम करायचं होतं, फुकट करतो म्हणाले, तरी ग्रॅहम नाही म्हणाले. मग ओमाहाला परत जाऊन वडिलांच्या फर्ममधे शेअर विकायचं काम धरलं, चार लोकांसमोर बोलायची भीती वाटायची म्हणून पैसे भरून भाषणाचा क्लास लावला, संध्याकाळी युनिव्हर्सिटीत इन्व्हेस्टिंग शिकवायला लागले, आणि ह्या सगळ्यात ग्रॅहमना एकेका शेअरबद्दलच्या आयडिया पाठवत राहिले. १९५४ ला बोलावणं आलं तेव्हा पगार किती हे न विचारता गेले. दोनेक वर्षांत ग्रॅहमनी फर्म बंद करायचं ठरवलं आणि हे परत ओमाहाला. म्हणजे त्या ऑफिसात बसायला मिळालं जेमतेम दोन वर्षं, पण कंपन्यांचे आकडे स्वतः उपसायची सवय तिथे पक्की झाली.

आता आपल्या इथलं बघा. क्विक हील ह्या अँटीव्हायरस कंपनीचे कैलास काटकर मूळचे रहिमतपूरचे, दहावीनंतर शिक्षण सुटलं, पुण्यात कॅल्क्युलेटर रिपेअरिंगच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले, दुरुस्तीला आलेल्या मशिनमधे व्हायरस असायचे, आणि ते साफ करायला भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले. १९९५ ला पहिला अँटीव्हायरस आला, २०१६ ला कंपनी शेअर बाजारात लिस्ट झाली. ह्यात मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं तर गिऱ्हाईक बिघडलेलं मशिन घेऊन ज्या टेबलापाशी उभं राहतं त्या टेबलामागे ते अनेक वर्षं बसले होते. लोक पैसे कशासाठी देतात हे रोज डोळ्यासमोर होतं, त्यासाठी मार्केट रिसर्च करायची गरजच नव्हती.

बजाज ऑटोचे राहुल बजाज हार्वर्डहून एमबीए करून आले तरी आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच राहायचे. तिथेही तीच गोष्ट, धंदा रोज डोळ्यासमोर.

तुम्ही जिथे बसता तिथून पैसा नक्की कुठून येतो आणि कुठे अडकतो हे दिसतं का, हा माझ्या मते करिअरच्या पहिल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. आमचे पहिले साहेब सहकारी बँकेतून आलेले, ते आम्हाला बॅलन्स शीट उघडूच द्यायचे नाहीत, आधी युनिटला, म्हणजे कारखान्यात, जाऊन या म्हणायचे. एकदा त्यांच्याबरोबर भोसरी एमआयडीसीत एका पार्ट्स बनवणाऱ्याकडे गेले होते, त्याला सीसी लिमिट, म्हणजे रोजच्या धंद्यासाठी बँकेकडून उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, वाढवून हवी होती. कागदावर विक्री वाढलेली, नफा बरा, स्टॉक स्टेटमेंटमधे फिनिश्ड माल भरपूर. साहेबांनी पहिल्यांदा महावितरणची वर्षभराची बिलं मागितली. विक्री इतकी वाढली असेल तर मशिनं जास्त चालली असणार, मग विजेचे युनिट तेवढेच कसे? बाहेरून जॉबवर्क करून घेतलं असेल तर तसं होऊ शकतं, मग त्याची बिलं दाखवा. मग ते मागच्या रॅककडे गेले आणि क्रेटवरचे टॅग वाचायला लागले, कितीतरी क्रेटवर आदल्या दिवाळीच्या आसपासच्या तारखा, वर धूळ बसलेली. गिऱ्हाइकाने रिजेक्ट केलेला लॉट होता तो, पुस्तकात मात्र पूर्ण किमतीला धरलेला. मालक लबाड नव्हता हो, त्याला खरंच वाटत होतं की कधीतरी जाईल. पण नफा दिसत होता आणि खात्यात पैसे का नव्हते याचं उत्तर त्या क्रेटमधे होतं, आणि हे मला कुठल्याही एक्सेलमधे दिसलं नसतं.

हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्हाला तुमचं काम कंटाळवाणं वाटतंय. तुम्ही जे इन्व्हॉइस पास करता ते म्हणजे समोरच्या व्हेंडरचे डेटर्स, म्हणजे त्याचं येणं, आहे. तुमच्याकडे बिल होल्डवर पडलं की तिकडे कोणाचा तरी पगार लांबतो, आणि ९० दिवसांच्या वरचं येणं असेल तर साधारणपणे बँक त्यावर ड्रॉइंग पॉवर देत नाही, म्हणजे त्याच्या जोरावर कर्ज उचलू देत नाही. आपल्याकडे तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ पासून उशीर केला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच करासाठी धरता येतो. हे माहीत असलेला पेएबल्सचा माणूस आणि नुसता क्लिक करणारा माणूस ह्यात पाच वर्षांत खूप फरक पडतो. कुठल्या व्हेंडरला किती दिवसांनी पैसे जातात, का जातात, ट्रेझरीवाले, म्हणजे कंपनीची रोकड सांभाळणारे, ते पैसे मधल्या काळात कुठे ठेवतात, हे विचारायला सुरुवात करा, बहुतेक लोक आनंदाने सांगतात.

दुसरी गोष्ट घराची, आणि ह्यावर फार कमी बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. इन्फोसिस १९८१ मधे पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींनी साठवलेले १०,००० रुपये दिले हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या वेळी त्या इथेच वालचंद ग्रुपमधे सिस्टिम्स ॲनालिस्ट म्हणून नोकरी करत होत्या आणि घर त्या पगारावर चाललं, हे किती जण सांगतात? नारायण मूर्तींचा त्याआधीचा सॉफ्ट्रॉनिक्स नावाचा उद्योग चालला नव्हता, त्यानंतर पटनी ह्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, मग इन्फोसिस. रिस्क घ्या म्हणणं सोपं आहे, ती झेपवणारा दुसरा पगार किंवा साठवलेले पैसे घरात आहेत का ते आधी बघा, आणि घरच्यांशी आकडे मांडून बोला, नुसतं स्वप्न सांगून नाही.

आणि एप्रिलमधे अप्रेझलचं पत्र हातात आल्यावर रागाच्या भरात काही ठरवू नका. बफेंची आजची कंपनी बर्कशायर ही मुळात कापडगिरणी, तिच्या प्रमुखाने बफेंकडचे शेअर परत घ्यायला त्यांना तोंडी साडेअकरा डॉलरचा भाव सांगितला आणि १९६४ मधे लेखी ऑफर आली ती ११.३७५ ची. एवढ्यावरून ते चिडले आणि विकायच्या ऐवजी शेअर घेतच गेले, १९६५ ला कंपनीच ताब्यात घेतली, आणि ती गिरणी त्यांना १९८५ मधे अखेर बंद करावी लागली. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय.

राहता राहिलं कंपन्या बदलण्याचं. अरुंधती भट्टाचार्य १९७७ ला स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या, २०१३ ला अध्यक्ष झाल्या, आणि त्या पदावर गेलेल्या पहिल्या महिला. बँक एकच पण गावं, खाती, कामं बदलत गेली. तेव्हा नोकरी सोडलीच पाहिजे असं काही नाही, आतल्या आत वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या धंद्यात फिरणारा पैसा बघणाऱ्या टीममधे, किंवा ट्रेझरीत जाता येतंय का ते आधी विचारा. नाहीच जमलं तर बँका आणि एनबीएफसींच्या (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या) एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या, क्रेडिट टीममधे प्रयत्न करा, सुरुवातीला पगार थोडा कमी बसू शकतो, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. इंटरव्ह्यूत शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतात ना, तेव्हा विचारा की पहिल्या सहा महिन्यांत मला भोसरी-चाकणला युनिट व्हिजिटला पाठवणार का, आणि मी लिहिलेली क्रेडिट नोट, म्हणजे कर्ज द्यावं की नाही याचं टिपण, कोण वाचणार, ती व्यक्ती ऑफिसात बसते की नुसती मेलवर असते. पगाराचं बोलणं त्यानंतर करा.