कोल्हापूरहून मराठीत एम.ए. आणि महाराष्ट्राची सेट (प्राध्यापकपदाची राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) झाली आहे. बेळगावच्या आर्ट्स कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागता येईल का?

आधी वाईट बातमी सांगतो. तुमची सेट राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं, म्हणजे कर्नाटकात, चालत नाही. १ जून २००२ च्या आधी सेट झालेल्यांना देशात कुठंही अर्ज करता येतो. त्यानंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यापुरती. नियम यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) आहे, कर्नाटकचा नव्हे, त्यामुळं इथं येऊन सीमाप्रश्न काढू नका. नेट म्हणजे देशपातळीवरची तशीच परीक्षा, तिला मराठी विषय आहे, ती द्या. ती दोन्हीकडं चालते. नियमाप्रमाणं केलेली पीएच.डी. असेल तर नेटचीही अट नाही. मी स्वतः महाराष्ट्राच्या सेटवर दोन वर्षं फुशारकी मारली आणि तिसऱ्या वर्षी निमूटपणे नेटच्या अभ्यासाला बसलो.

आता नोकरीचं. मी इथल्या एका खासगी संस्थेच्या कॉलेजात गेस्ट, म्हणजे तात्पुरता प्राध्यापक, म्हणून मराठी शिकवतो. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. सरकारी पदवी कॉलेजांतल्या गेस्ट लोकांना २०२२ च्या वाढीनंतर पात्रता आणि अनुभवाप्रमाणं २६ ते ३२ हजारांचा आकडा ठरला. त्याआधी ११ नाहीतर १३ हजार मिळायचे. खासगी संस्थेत संस्था ठरवेल ते. अनुदानित जागा निवृत्तीनं मोकळी झाली तरी सरकारची परवानगी आल्याशिवाय भरता येत नाही. म्हणून स्टाफरूममध्ये खुर्च्या जास्त आणि कायमची माणसं कमी, हे चित्र बघायची तयारी ठेवा.

पण तुमचं पोट ज्याच्यावर अवलंबून आहे तो शब्द वेगळाच आहे: वर्कलोड, म्हणजे विषयाला मिळणारे शिकवायचे तास. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं लागतं. आमच्याकडं मराठी दोन वाटांनी येते. भाषा म्हणून घेतली तर बेसिक, मुख्य विषय म्हणून घेतली तर ऑप्शनल. बेसिकची पोरं मिळतात, कारण खानापूर, येळ्ळूर, उचगावकडची मराठी शाळेतली पोरं येतात. ऑप्शनलची मारामार. त्यात अभ्यासक्रम बदलला की तासांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून: २०२१ ला नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला, २०२४ ला राज्यानं तो गुंडाळून परत तीन वर्षांची पदवी आणली. दोन्ही वेळा आम्ही टाइमटेबल घेऊन हॉलमध्ये बसलो होतो.

आणि हा हिशेब ठेवतो कोण? प्राचार्य नव्हे, विभागप्रमुखही नव्हे. ऑफिसातला एसडीए. (तुमच्याकडं ज्याला कनिष्ठ लिपिक म्हणतात तो, त्याच्या वर एफडीए, त्याच्या वर सुपरिंटेंडेंट.) आमचा एसडीए कन्नड घरातला आहे. मराठी बोलतो ती बेळगावचीच, मधे मधे ‘री’ पेरून. ॲडमिशनच्या दिवसांत एकदा त्यानं मला खिडकीशी बोलावलं. “बर्री सर, कुंद्री (या सर, बसा). ऑप्शनलला नऊच झालीत. दोन पोरं हिस्ट्रीकडं पळालीत. धरून आणा की.” कंप्युटरमध्ये विषय लॉक व्हायला एक दिवस होता. नवे अर्ज ऑनलाइन असले तरी त्याच्याकडं एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, तिच्यात पोराचं नाव, गाव आणि बापाचा नंबर पेन्सिलीनं लिहिलेला. त्यानं तिथूनच नंबर काढून दिले. मी फोन केले. एक पोरगी परत आली, दुसऱ्याचा बाप म्हणाला, “मराठी घरात बोलतोय की, कॉलेजात कशाला?” त्याला उत्तर देता आलं नाही. तरी दहा झाली आणि त्या वर्षीचे माझे तास वाचले.

सांगायचा मुद्दा असा की इथं मराठीचा विभाग टिकवणारी माणसं सगळी मराठीच असतात असं नाही. ग्रंथपाल मॅडम कन्नड. पण मराठी मासिकांची वर्गणी संपत आली की त्याच आठवण करतात. फिजिकल डायरेक्टर तर कबड्डीच्या मैदानावर ॲडमिशन करून घेतात.

विद्यापीठाचंही सांगून ठेवतो. इथली कॉलेजं २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडं आहेत, भूतरामनहट्टीला हायवेवर. त्याआधी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ होतं, म्हणून जुने लोक अजून “धारवाडला विचारायला पायजे” म्हणतात. घाबरू नका, भूतरामनहट्टीलाच जायचं असतं. एम.ए. कोल्हापूरची असल्यामुळं मार्कशीट आणि पदवीच्या साक्षांकित प्रती जास्त ठेवा. कन्नड वाचता येण्याइतकी शिका. परिपत्रकं कन्नडमध्ये येतात आणि दर वेळी दुसऱ्याला विचारत बसणं बरं दिसत नाही.

यायचं तर ॲडमिशन चालू असताना या. प्राचार्यांच्या केबिनआधी ऑफिसच्या खिडकीवर जा, साडेअकराच्या चहाच्या आधी, आणि यंदा ऑप्शनलला किती झाली ते विचारा.